टॅरोवरून नवा गट रचताना: रिकाम्या जागेपासून पहिल्या सेशनपर्यंत

गूढविद्येवरच्या रोलप्लेइंग गेममध्ये स्वतःचे जादा गट (गुप्त मंडळं, टोळ्या) घालायचे ठरलं की बहुतेक गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, एकाच वाटेने जातात. आधी भारदस्त नाव, मग चिन्ह, मग झग्याचा रंग आणि शेवटी एखाद्या टॅरो कार्डाचा (टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते) नेटवर वाचलेला अर्थ. पहिल्या सेशनला, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीला, काळ्या झग्यातला एक माणूस येतो, दोन वाक्यं कोड्यात बोलतो आणि खेळाडू विचारतात, "ते ठीक आहे, पण यांना हवंय काय?" तिथे गाडी अडते.

खाली दिलेल्या क्रमात नाव जवळजवळ शेवटी येतं. ज्या टॅरो कार्डाच्या चित्रावरून गट रचायचा ते कार्डसुद्धा पहिल्या पायरीला येत नाही. एकच गट पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधत नेला आहे, म्हणजे प्रत्येक पायरीवर काय लिहायचं ते दिसेल. कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) आजच्या पुण्यात घडतं असं धरलं आहे. तुमचं कॅम्पेन नाशकात किंवा कोल्हापुरात घडत असेल तर तिथले चौक घाला.

लागणारं सामान: टॅरोचा एक डेक, म्हणजे पत्त्यांचा संच (फोनवरची चित्रंही चालतील, पण मोठी करून पाहता आली पाहिजेत), ए-फोर कागद, पेन्सिल, आणि तुमच्या खेळातल्या आधीच्या सेशनच्या नोंदी.

१. आधीचे गट कागदावर मांडा

कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा: काय हवंय, कसं मिळवतात, त्यासाठी काय मोजतात, कोणाशी पटत नाही. खेळात आता जेवढे गट आहेत तेवढ्या ओळी भरा. नियमपुस्तकातून उतरवू नका. पुस्तकात एखादा गट विद्वानांचा असेल, पण तुमच्या टेबलावर तो सहा महिने घरफोड्या करत असेल, तर तो घरफोड्यांचाच गट. तसंच लिहा.

मग ओळी सोडून रकाने वाचा, वरून खाली. भोकं तिथे दिसतात. पहिल्या रकान्यात सगळ्यांनाच ज्ञान किंवा सत्ता हवी असते. काहीतरी थांबवायचंय असा एकही नसतो. तिसऱ्या रकान्यात सगळे दुसऱ्याचंच मोजतात, स्वतःच्या खिशाला हात कोणीच लावत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक कॅम्पेनमध्ये एक भोक हमखास सापडतं: ज्यांना जादूबिदू काही माहीत नाही अशा साध्या माणसांशी कोणाचंच देणंघेणं नसतं.

सापडलेलं भोक एका वाक्यात लिहा. आपल्या उदाहरणासाठी ते असं: "सामान्य माणसाच्या खरोखर उपयोगी पडणारा, आणि त्यामुळेच धोकादायक ठरणारा गट आपल्याकडे नाही."

तपासा: वाक्य लिहिता येत नसेल तर तुम्हाला नवा गट नकोय. असलेल्या गटात एक नवा माणूस पुरेल.

सावधान: टॅरोत मेजर अर्कानाची, म्हणजे स्वतःचं नाव असलेली मुख्य कार्डं २२ आहेत म्हणून गटही २२ करायचे, हा मोह मोठा आहे. हिशेब करून पाहा. चार गटांत आपसातली नाती सहा. सात गट झाले की २१. बावीस गट केलेत तर २३१ नाती तुम्हाला डोक्यात ठेवावी लागतील, आणि त्यातली दोनशेवर कधी टेबलावर येणारच नाहीत. एका वेळी एक गट घाला. फार तर तीन, तेही वेगवेगळ्या महिन्यांत.

२. डेक कोणता, ते सगळ्यांना सांगून टाका

ही पायरी पाच मिनिटांची आहे, पण वगळली तर पुढे भांडणं होतात.

नेहमीच्या डेकमध्ये कार्डं ७८ असतात: २२ मेजर, आणि प्याले, नाणी, तलवारी, काठ्या यांची मिळून ५६ मायनर. पण क्रमांक आणि नावं सारखी नसतात. १९०९ मध्ये निघालेल्या रायडर-वेट डेकमध्ये 'स्ट्रेंग्थ' (चित्रात सिंहाला आवरणारी बाई) आठव्या क्रमांकावर आणि 'जस्टिस' (न्याय) अकराव्या. जुन्या फ्रेंच मार्सेय पद्धतीत नेमकं उलट. 'फूल'ला रायडर-वेटमध्ये शून्य आहे, मार्सेयमध्ये त्याला क्रमांकच नाही. इंग्रज गूढविद्यावादी अलेस्टर क्राउलीच्या थॉथ डेकमध्ये तर 'टेंपरन्स'चं 'आर्ट' होतं आणि 'जजमेंट'चं 'इऑन'. म्हणजे तुम्ही भिंतीवर रक्ताने आठचा आकडा काढून सुगावा ठेवाल, आणि एक खेळाडू न्यायाच्या मागे लागेल तर दुसरा सिंहाच्या.

नवख्यांसाठी रायडर-वेटच घ्या. कारण सोपं आहे: चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी त्यात मायनर कार्डांवरही माणसं आणि प्रसंग रंगवले आहेत. मार्सेयच्या मायनरमध्ये नुसती नाणी नाहीतर प्याले मांडलेले असतात. चौथ्या पायरीला पाहायला काही मिळत नाही.

३. भोकाला कार्ड शोधा

डेक पिसू नका. चित्रं वर करून सगळी कार्डं जमिनीवर पसरा. पिसून कार्ड काढणं भविष्य सांगायला ठीक. इथे ते केलं की जे येईल ते भोकात कोंबत बसाल.

सुरुवातीलाच चार कार्डं बाजूला ठेवा: डेथ, डेव्हिल, टॉवर, मून. वाईट म्हणून ठेवायची नाहीत, ती आपला पोशाख घालूनच येतात म्हणून ठेवायची. 'डेथ'चा गट म्हटल्याबरोबर खेळाडूंना सगळं आधीच माहीत असतं, आणि तुम्हालाही. दुसरा-तिसरा गट करताना त्यांच्याकडे वळा.

कोर्ट कार्डं, म्हणजे पेज, नाइट, क्वीन, किंग मिळून सोळा, तीही उचलून ठेवा. ती गटासाठी नाहीत, गटातल्या माणसांसाठी आहेत. सहाव्या पायरीला लागतील.

उरलेल्यांतून भोकाच्या वाक्याशी कसलंही नातं वाटणारी तीन काढा. तिघांतलं कोणतं घ्यायचं? ज्याचं चित्र तुम्हाला पटकन समजावून सांगता येत नाही ते. ज्याचं समजावून सांगता येतं त्यात तुमच्यासाठी नवीन काही उरलेलं नसतं.

आपल्या उदाहरणात तीन निघाली: 'सिक्स ऑफ पेंटॅकल्स' (एक सधन माणूस हातात तराजू धरून गुडघे टेकलेल्यांना नाणी देतोय), 'स्टार', आणि चौदावं 'टेंपरन्स' (संयम). पहिलं सरळ दानधर्माचं, फार लवकर उलगडलं. 'स्टार' सुंदर आहे, पण त्यातली बाई कोणाला काही देत नाही, पाणी ओतते आणि मोकळी होते. राहिलं 'टेंपरन्स'.

४. अर्थाचं पुस्तक मिटा, चित्र पाहा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. कार्डाचा अर्थ वाचला की हातात भाववाचक नामं येतात: संयम, समतोल, धीर. भाववाचक नामांतून गट उभा राहत नाही. समतोल हवा असणाऱ्या लोकांचा गट म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा.

करायचं असं. एखाद्या मित्राला फोन लावा, ज्याच्यासमोर ते चित्र नाही, आणि त्याला चित्र सांगा. नुसत्या वस्तू आणि क्रिया. "शांत वाटतो", "गूढ आहे" असं काही म्हणायचं नाही. सांगून झालं की त्याला पाच प्रश्न विचारू द्या. त्याचे प्रश्न लिहून घ्या. पुढचं सगळं काम त्यातून निघतं. मित्र नसेल तर स्वतःच कागदावर लिहा, पण मित्र जास्त बरा, कारण त्याला अर्थ माहीत नसतो.

'टेंपरन्स' असं सांगता येतं: पंख असलेला एक देवदूत उभा आहे. एक पाय जमिनीवर, एक पाण्यात. दोन्ही हातांत एकेक प्याला. एका प्याल्यातून दुसऱ्यात पाणी जातंय, पण धार सरळ खाली पडत नाही, तिरकी जाते. मागे एक वाट डोंगरांकडे गेली आहे आणि टोकाला काहीतरी झळकतंय.

आता प्रश्न. पहिल्या प्याल्यातलं पाणी आलं कुठून? ते कोणाचं होतं? दुसरा प्याला भरला की काय होतं? पायाशी एवढं पाणी असताना तो ते का घेत नाही? धार तिरकी असूनही सांडत का नाही?

"कोणाचं होतं?" या प्रश्नापाशी थांबा. संयमाबद्दल पन्नास पानं वाचलीत तरी तो प्रश्न सुचत नाही.

आणखी दोन कार्डांवर हात साफ करून घ्या, म्हणजे सवय होईल. 'सेव्हन ऑफ स्वोर्ड्‌स': एक माणूस छावणीतून चवड्यांवर पळतोय, हातात पाच तलवारी, मान मागे वळलेली. दोन तलवारी मागे जमिनीत रोवलेल्या. पुस्तकातला अर्थ, लबाडी. चित्राचा प्रश्न, दोन का सोडल्या? उचलता आल्या नाहीत, की मालक अगदीच निःशस्त्र राहू नये म्हणून? दुसरं उत्तर घेतलंत तर चोरांचा असा गट मिळतो की जो कधीच सगळं नेत नाही, आणि मागे काय ठेवायचं याचे त्यांचे कडक नियम आहेत. 'फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स': बर्फात दोन दरिद्री माणसं, एक कुबड्यांवर. वर उजळलेली रंगीत काचेची खिडकी. चित्रात दार कुठेही नाही. दार कुठे आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांचा गट कसा असेल?

तपासा: तुमच्या टिपणात भाववाचक नाम राहिलंय का? खोडा.

५. दावा लिहा

दावा दोन वाक्यांचा. पहिलं सुरू होतं "जग असं चालतं की..." आणि दुसरं "म्हणून आम्ही...". गटाचं सगळं वागणं यातून निघायला हवं. या पायरीला एक अख्खी संध्याकाळ द्या.

चुकीचे दावे ओळखायला शिका. "आम्हाला जगावर राज्य करायचंय" हा दावा नाही, नुसती हाव आहे. जगाबद्दल तो काही सांगत नाही. "समतोल राखला पाहिजे" हाही नाही, कारण त्याला विरोध कोण करणार? ज्याला कोणी विरोध करत नाही त्यातून खेळ होत नाही. "आम्ही आहोत सावल्यांचे रक्षक" हे तर पोस्टरवरचं वाक्य.

चालणारा दावा असा ओळखावा: चांगला, शहाणा माणूस तो ऐकून अर्धी मान डोलावतो आणि मग थांबतो. त्या थांबण्यात तुमचा खेळ आहे.

आपल्या गटाचा दावा: "जग असं चालतं की आयुष्य, तब्येत, नशीब यांचा साठा ठरलेला आहे, नवीन काही तयार होत नाही, फक्त हात बदलतं. म्हणून आम्ही, कोणाकडचं कोणाकडे ओतायचं, ते नीट हिशेब ठेवून ठरवतो."

आता हा दावा जमिनीवर आणा. धायरीतल्या एका चार वर्षांच्या मुलीचा ताप उतरत नव्हता, तो उतरला. त्याच रात्री शनिवार पेठेतले एक एकटे राहणारे आजोबा आजारी पडले. आजोबांनी हो म्हटलं होतं. पुढच्या वेळी ज्याच्याकडचं ओतलं त्याने हो म्हटलं होतं का? नोंदवहीत तिथे सही नाही, अंगठा आहे.

खेळाडूंपैकी एकाला हे लोक हवेसे वाटतील, एकाला त्यांचा संताप येईल, आणि दोघांचंही बरोबर असेल. दावा कोणत्याही दोन खेळाडूंना सांगून पाहा. दोघांचं लगेच एकमत झालं तर दावा मऊ आहे. परत चौथ्या पायरीच्या प्रश्नांकडे जा. बहुतेक वेळा तुम्ही सोपा प्रश्न निवडलेला असतो.

सावधान: दाव्यात जादू कशी चालते याचं शास्त्र घालू नका. धार तिरकी का जाते याचं उत्तर गटालाही माहीत नसलेलं बरं.

६. मंगळवारी दुपारी हे लोक काय करतात?

विधी, अमावास्या, तळघर हे सगळं नंतर. आधी एक साधा मंगळवार लिहा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. खेळाडू गटाला गाठतात ते बहुतेक अशाच वेळी. विधीच्या रात्री फार तर एकदा.

इथेच आड, म्हणजे लोकांना दाखवायचं साधं रूप, कोणतं घ्यायचं तेही ठरवा. आजच्या महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यामुळे गट गुप्त का राहतो याचं बनावट कारण शोधायची गरज नाही: उपचाराच्या नावाखाली माणसाला इजा झाली की पोलीस येऊ शकतात. पुण्यात अशा आडाला तोटा नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, भिशी, रविवारचा ट्रेकिंग ग्रुप, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, जेवणाची मेस. अभ्यासिका तर फारच सोयीची: रात्रभर दिवे, सारखे बदलणारे चेहरे, कोणी कोणाशी बोलत नाही आणि त्याचं कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

आपला गट मंगळवारी मोफत रक्तदाब तपासतो. एका वाड्याच्या पडवीत टेबल, त्यावर यंत्र, शेजारी लांबट नोंदवही. नाव, पत्ता, वय, रक्तदाब. आणि पाचवा रकाना, ज्याचं डोकं कोरं आहे. त्यात कधी अधिक, कधी उणे चिन्ह.

आता बाजूला ठेवलेली कोर्ट कार्डं घ्या. आपल्या कार्डाच्या चित्रात प्याले असल्याने प्याल्यांचीच चार. पेज: नवी आलेली मुलगी, यंत्राचा पट्टा बांधते, तिला अजून खरं काय ते माहीत नाही. नाइट: द्यायला तयार असलेली माणसं शोधून आणणारा, गोड बोलणारा. क्वीन: नोंदवही सांभाळणाऱ्या बाई, खरी सत्ता यांच्याकडे. किंग: निर्णयावर सही करणारे निवृत्त गृहस्थ, ज्यांनी गेल्या कित्येक वर्षांत नोंदवही स्वतः वाचलेली नाही. चार माणसं पुरे. चाळीस नावांची यादी करू नका, कोणी विचारणार नाही.

तपासा: खेळाडू मंगळवारी दुपारी तिथे गेले तर पाच मिनिटांत त्यांना हात घालण्यासारखं काही सापडतं का? इथे नोंदवही सापडते.

७. किंमत

जादू केली की चार हिट पॉइंट (पात्राची जीवनशक्ती मोजणारे गुण) गेले, ही किंमत टेबलावर कोणाला जाणवत नाही. किंमत अशी हवी की ती तिसऱ्या माणसाला दिसते. ओतणाऱ्याच्या हाताला दर वेळी एक थेंब लागतो, म्हणजे जे ओतलं त्यातलं थोडंसं त्याच्यात राहतं. वहीवाल्या बाईंना अनोळखी माणसांच्या नातवंडांची नावं पाठ आहेत. स्वतःच्या मुलाला हाक मारताना मात्र त्या क्षणभर अडखळतात. खेळाडू हे स्वतः पाहतील, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

८. जागा

पुण्यातलं कॅम्पेन म्हटलं की पहिलं बोट शनिवारवाड्यावर जातं. तिथे "काका, मला वाचवा" ऐकू येणार हे खेळाडूंना दारातच माहीत असतं. तो सोडा.

जागेला तीन गोष्टी हव्यात. खेळाडूंना सहज पोचता आलं पाहिजे. ती कोणत्या तरी वेळी बंद व्हायला हवी. आणि कार्डाच्या चित्रातली एक वस्तू तिथे मुळातच असायला हवी. आपल्या चित्रात प्याले आहेत आणि पाणी. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळ घालून शहरात पाणी आणलं होतं. ते पेठांमधल्या हौदांत पडायचं, आणि त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी बांधलेले झरोके, आजही शहरात काही ठिकाणी दिसतात. एक पाय जमिनीवर, एक पाण्यात ठेवून उभं राहायला याहून बरी जागा कुठे मिळणार? फडके हौद, बाहुलीचा हौद ही नावं लोकांच्या तोंडी आहेत. तरी त्यातला कोणताही खरा हौद घेऊ नका. दोन खऱ्या गल्ल्यांच्या मध्ये एक खोटा हौद बसवा, बुजलेला, वर वाडा बांधलेला. दोन्ही बाजूंच्या खऱ्या गल्ल्या मधल्या खोट्याला धरून ठेवतात. प्याले कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून आणलेत असं म्हणा. तांब्यावरच्या ठोक्यांचा आवाज सेशनभर पार्श्वभूमीला वापरता येतो.

सावधान, आणि हे गंमत म्हणून सांगत नाही: चालू मंदिर, दर्गा, खरं गणेश मंडळ किंवा ओळखू येईल असं कुटुंब गटाच्या ताब्यात देऊ नका. अलीकडच्या खऱ्या हत्या खेळात आणू नका. जुन्या संकटांनाही बेताने हात लावा. पाण्याचा गट आहे म्हटल्यावर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवणारच. तो पूर गटाने आणला, असं कधीही करू नका. ज्यांचे संसार त्यात वाहून गेले त्यांची मुलंनातवंडं तुमच्या टेबलावर बसलेली असू शकतात. पुरानंतर गटाने काय केलं, ते मात्र जरूर ठरवा. घरंदारं गेलेल्या एवढ्या माणसांकडे ओतायला पाणी कुठून आणायचं? पुढची पायरी यातूनच निघते.

९. दोन तारा आणि उलटं कार्ड

नवा गट सगळ्या जुन्या गटांशी जोडत बसू नका. दोनच तारा ओढा: एका गटाचं देणं, एका गटाशी भांडण. देणं भांडणापेक्षा जास्त कामाचं असतं, कारण देणेकरी माणूस टेबलावर परत परत येतो. पहिल्या पायरीचा कागद काढा आणि बघा, कोणत्या गटाच्या म्होरक्याचं आयुष्य या लोकांनी लांबवलं असेल? आणि ते कोणाच्या खात्यातून?

मग कार्ड उलटं ठेवा. उलटं कार्ड म्हणजे गटाची दुष्ट आवृत्ती, असं बरेच जण धरतात. त्यातून फक्त दुसऱ्या रंगाचा झगा मिळतो. उलट्या चित्राकडेही चौथ्या पायरीसारखंच पाहा. प्याले उलटे, पाणी वरच्या दिशेने चाललेलं. म्हणजे गटातली काही माणसं म्हणतात: घेतलेलं परत करा. १९६१ नंतर साठा अपुरा पडला तेव्हा गटाने संमती न घेता ओतलं, आणि तेव्हापासून काही जण जुन्या नोंदवह्या घेऊन बाहेर पडले आहेत. ज्यांना मिळालं त्यांच्याकडून ते काढून घेतात आणि ज्यांचं होतं त्यांच्या वारसांना देतात. ऐकायला न्याय्य आहे. धायरीतली मुलगी आता कॉलेजात जाते, आणि तिचं नाव एका वहीत आहे.

तपासा: फुटीर माणसांचा दावाही पाचव्या पायरीच्या कसोटीला उतरतो का?

१०. आता नाव

नावं दोन लागतात. एक पावतीपुस्तकावरचं, एक लोकांच्या तोंडचं. पहिलं गट स्वतःला देतो आणि ते थोडं कंटाळवाणं असावं. दुसरं शेजारी देतात. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, जिलब्या मारुती ही नावं कोणी विचारपूर्वक सभा घेऊन ठेवलेली नाहीत. देवालाही न सोडणारं गाव तुमच्या गटाला 'अनंतचंद्रिका गुह्यसंघ' म्हणून हाक मारेल का?

आपला गट पावतीवर 'समपातळी आरोग्य मंडळ' आहे. गल्लीत त्यांना 'थेंबमोजे' म्हणतात. सेशनमध्ये खेळाडू दुसरंच नाव वापरतील, त्यामुळे दुसऱ्यावर जास्त वेळ घाला.

नाव पक्कं करण्याआधी तीन ठिकाणी पाहा: त्या नावाची खरी संस्था आहे का, ते आडनाव आहे का, ते एखाद्या समाजाचं किंवा परंपरागत व्यवसायाचं नाव आहे का. ओतणारे म्हणून 'ओतारी' सुचतं आणि कानाला छानही लागतं. पण धातू ओतणाऱ्या कारागिरांचं ते नाव आहे, तेव्हा बाद.

११. नियम, जेवढे कमी तेवढे

गटाला टेबलावर तीन गोष्टी द्या: एक गोष्ट जी फक्त तेच करू शकतात, एक जी ते कधीच करत नाहीत, आणि खेळाडूंना तिथून मिळू शकणारी एक मदत. थेंबमोजे एका पात्राची जखम दुसऱ्यावर घालू शकतात. नोंद न करता ते कधीच काही करत नाहीत. आणि कोणाचं काय कोणाकडून आलं, हे ते वहीत पाहून सांगू शकतात. बाकी तुमच्या खेळाची आहे तीच पद्धत चालू द्या.

कोणता गट सेशनमध्ये डोकावणार हे कार्ड काढून ठरवायचं असेल तर आधी गणित करा. समजा पाच गटांना पाच मेजर कार्डं दिली आहेत आणि तुम्ही २२ मधून तीन काढता. तिघांत एकही गट न येण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के. म्हणजे जवळजवळ एक सेशन सोडून एक सुनं. नऊ गट असतील तर तीच शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास येते. पूर्ण ७८ चा डेक वापरलात तर आणखी विरळ, कारण काढलेलं कार्ड मेजर असण्याचीच शक्यता २८ टक्के. गट कमी असतील तर मेजरमधलीच कार्डं वापरा आणि तीनऐवजी पाच काढा.

१२. एका सेशनची चाचणी

गटाची ओळख करून देऊ नका. त्याचा एक परिणाम दाखवा आणि बाजूला व्हा. चाचणीसाठी एवढं पुरे: एका पात्राच्या आईचा गुडघा अचानक बरा झाला आहे, आणि ती मंगळवारी रक्तदाब तपासायला जाते. खेळाडू गेले तर नोंदवही टेबलावर आहे. नाही गेले तर पुढच्या सेशनला आईच पेढे घेऊन घरी येते आणि म्हणते, "त्या बाई विचारत होत्या, तुला काही नकोसं झालंय का?"

सेशन संपल्यावर "गट आवडला का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याऐवजी "या लोकांना काय हवंय असं वाटतं?" असं विचारा. उत्तर तुमच्या दाव्याच्या जवळपास आलं तर गट पोचला. खेळाडूंनी तुमच्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं तर गुपचूप ते घ्या आणि पाचव्या पायरीचा कागद बदला.

तीन सेशन होऊनही कोणी गटाचं नाव स्वतःहून काढलं नाही, तर त्याला ओढत नेऊ नका. दावा आणि वहीवाल्या बाई तेवढ्या काढून घ्या, त्या असलेल्या एखाद्या गटात बसवा, आणि 'टेंपरन्स' परत डेकमध्ये घाला.